मोडीत न निघालेली घड्याळं

सोन्याचं जुनं मनगटी घड्याळ सराफाच्या पेढीवर नेऊन ठेवलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. पट्टा सोडवायचा, मागचं झाकण उघडायचं, आतलं मशीन उपसून बाजूला ठेवायचं, काच काढायची आणि उरलेला सोन्याचा सांगाडा काट्यावर टाकायचा. कॅरेट किती ते बघायचं, घट धरायची, आजचा भाव लावायचा. ‘मशीन हवं तर न्या बरं का,’ असं सराफ सौजन्यानं म्हणतो. गिऱ्हाईक बहुधा नको म्हणतं. चावी न दिलेलं, बंद पडलेलं मशीन घरी नेऊन करायचं काय?

घड्याळांच्या मोठ्या लिलावांत हा हिशेब पार उलटा चालतो. तिथे सोन्याचं वजन कुणी विचारत नाही. 2021 सालचे दोन सौदे पाहा. पाटेक फिलिप कंपनीच्या 1518 क्रमांकाच्या मॉडेलचं एक घड्याळ इजिप्तचा राजा फारुक याचं होतं. पिवळ्या सोन्याचं, मागच्या झाकणावर मुकुट, चंद्रकोर, तारा आणि ‘एफ’ हे अक्षर कोरलेलं. क्रिस्टीज या लिलावसंस्थेनं ते दुबईत विकलं, 9 लाख 12 हजार डॉलरना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सदबीजनं न्यूयॉर्कमध्ये याच मॉडेलचं दुसरं घड्याळ विकलं. तेही त्याच राजघराण्यातलं, राजपुत्र तौफिक तुसून याचं. त्याला मिळाले 95 लाख 70 हजार डॉलर. म्हणजे राजाच्या घड्याळापेक्षा राजपुत्राचं दहापट महाग!

मशीन तेच, कारखाना तोच आणि सोनं दोन्हीकडे 18 कॅरेटचंच. 18 कॅरेटमध्ये हजारात 750 भाग सोनं असतं, उरलेल्या अडीचशे भागांत चांदी आणि तांबं. दोन्ही सारखी घातली की सोनं पिवळं राहतं, तांबं वाढवलं की गुलाबी होतं. तुसूनचं घड्याळ गुलाबी सोन्याचं होतं आणि त्याची डायलही गुलाबी होती. घड्याळाची प्रकृती उत्तम होती हे खरंच, पण एवढ्या मोठ्या फरकातला बराचसा वाटा त्या रंगाचा. 1518 ची जेवढी घड्याळं बनली त्यांत गुलाबी सोन्याची थोडी, आणि गुलाबीवर गुलाबी तर फारच विरळ. दहा-बारा गुंजा जास्तीच्या तांब्यासाठी लोक काय मोजतात हे आपल्या सराफाला सांगितलं, तर तो चहा मागवेल आणि विषय बदलेल.

1518 हे मॉडेल 1941 मध्ये निघालं. युरोपात युद्ध पेटलेलं असताना जिनिव्हातली ही कंपनी असं मनगटी घड्याळ बनवत होती, ज्याला महिना तिसाचा की एकतिसाचा, फेब्रुवारी अठ्ठाविसाचा की एकोणतिसाचा, हे आपोआप कळे. शिवाय त्यात चंद्राच्या कला होत्या आणि शर्यत मोजायचा क्रोनोग्राफही होता. असं आपोआप चालणारं कॅलेंडर आणि क्रोनोग्राफ या दोन करामती एकत्र असलेलं मनगटी घड्याळ त्याआधी कुणी मालिकेत बनवलं नव्हतं. 1954 पर्यंत अशी 281 घड्याळं झाली. त्यानंतरचं 2499 हे मॉडेल 1951 पासून 1985 पर्यंत चाललं, आणि त्याची एकूण संख्या 349. चौतीस वर्षांत साडेतीनशे, म्हणजे वर्षाला साधारण दहा!

या 281 घड्याळांत स्टीलची म्हणून माहीत असलेली फक्त चार. ज्याला हे घड्याळ परवडत होतं तो स्टीलचं कशाला घेईल? म्हणून सोन्याची भरपूर आणि स्टीलची चारच. आणि म्हणूनच नोव्हेंबर 2016 मध्ये फिलिप्सच्या जिनिव्हातल्या लिलावात त्यातलं एक 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकना गेलं, त्या वेळचा मनगटी घड्याळांचा उच्चांक करून. तेच घड्याळ नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा विकलं गेलं, 1 कोटी 41 लाखांच्या वर. सोन्याच्या कुठल्याही 1518 पेक्षा लोखंडाच्या जातीचं हे घड्याळ महाग.

याच्या उलट गंमत रोलेक्सच्या डेटोनाची. जॉन गोल्डबर्गर या नावानं ओळखला जाणारा एक इटालियन संग्राहक आहे. त्याच्याकडे 1970 साली बनलेलं चावीचं डेटोना होतं, लांबून पाहिलं तर स्टीलचं वाटावं असं. होतं पांढऱ्या सोन्याचं, आणि त्या प्रकारातलं एकमेव ज्ञात. 2018 मध्ये त्यानं ते मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी लिलावात दिलं आणि 59 लाख फ्रँक उभे राहिले. एकीकडे स्टील सोन्याला हरवतं, दुसरीकडे सोनं स्टीलसारखं दिसतं म्हणून महाग होतं. या छंदात धातूची प्रतवारी रसायनशास्त्राच्या पुस्तकातून ठरत नाही, किती उरलं यावरून ठरते.

सोन्याची घड्याळं कमी का उरली, याला सोनंच कारण आहे. स्टीलचं घड्याळ बंद पडलं तर ते खणात पडून राहतं, कुणी त्याच्या वाटेला जात नाही. सोन्याचं घड्याळ बंद पडलं की घरातल्या कुणाला तरी आठवण होते, ‘अरे, त्यात सोनं आहे की!’

ही आठवण जगभर एकदमच झाली ती सत्तरचं दशक सरताना. 25 डिसेंबर 1969 रोजी जपानच्या सायको कंपनीनं ॲस्ट्रॉन नावाचं जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत 4 लाख 50 हजार येन, म्हणजे तेव्हाच्या एका लहान मोटारीएवढी. योगायोग असा की ते घड्याळही 18 कॅरेट सोन्याचंच होतं. पुढच्या दहाएक वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त झालं, चावीची घड्याळं जुनाट ठरली आणि स्वित्झर्लंडमधले अनेक कारखाने बंद पडले. मग आला जानेवारी 1980. सोनं औंसाला 850 डॉलरपर्यंत चढलं. साध्या पुरुषी घड्याळाच्या केसमध्ये तोळाभराच्या आसपास सोनं असतं. समजा 12 ग्रॅमची 18 कॅरेटची केस आहे, तर शुद्ध सोनं 9 ग्रॅम आणि त्या दिवशीची किंमत जवळजवळ अडीचशे डॉलर. कुणाला नको असलेल्या जुन्या ओमेगाला किंवा लाँजिनला घड्याळ म्हणून तेवढं कुणी देत नव्हतं. केसेस भट्टीत गेल्या आणि मशिनं डब्यांत साठली. आजही जुन्या घड्याळांच्या बाजारात केस नसलेली, डायलसकट सुटी मशिनं ढिगानं मिळतात, ती अशी अनाथ झालेली.

2025 च्या ऑक्टोबरात सोन्यानं औंसाला 4000 डॉलर ओलांडले. त्याच 9 ग्रॅमचे तेव्हा साडेअकराशेच्या वर डॉलर झाले. पाटेकला याची झळ नाही. पण साठच्या दशकातलं कुण्या अल्पपरिचित कंपनीचं, मशीन चांगलं आणि नाव लहान असलेलं सोन्याचं घड्याळ पुन्हा एकदा भट्टीच्या तोंडाशी आलं आहे. या छंदाबद्दल बोलताना कोट्यवधींचे लिलाव मोठ्यानं सांगितले जातात. खरी पडझड या मधल्या थरात चालू आहे आणि तिची बातमी होत नाही.

आपल्याकडे सोनं म्हटलं की बावीस कॅरेट. घड्याळात ते चालत नाही, फार मऊ पडतं. म्हणून स्विसांनी 18 पसंत केलं. अमेरिकेत आयात होणाऱ्या तयार घड्याळावर कर जबर असे, त्यामुळे लाँजिन आणि लेकुल्ट्र यांची नुसती मशिनं समुद्रापार जात आणि केस तिकडे बने, बहुधा 14 कॅरेटची. इंग्लंडमध्ये 9 कॅरेट रुळलं. बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीच्या 9 कॅरेटच्या केसमध्ये ओमेगाची मशिनं बसलेली असत, आणि आतल्या बाजूला बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा नांगराचा ठसा. 9 कॅरेट म्हणजे हजारात 375. आपल्याकडच्या आजीनं याला सोनं म्हटलंच नसतं.

आपल्या सरकारनंही एकदा लोकांना कमी कसाचं सोनं घालायला लावायचा प्रयत्न केला होता. चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि दागिने 14 कॅरेटच्या वर घडवायला बंदी केली. हजारो सोनार बेकार झाले, लोकांनी 14 कॅरेट काही मनावर घेतलं नाही, आणि 1966 मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. 1968 मध्ये नियंत्रणाचा कायदा झाला आणि तो थेट 1990 मध्ये रद्द झाला. त्याच काळात परदेशी घड्याळांच्या आयातीवरही कडक बंधनं होती. एचएमटीचं घड्याळ 1961 पासून मिळू लागलं, पण त्यासाठी नंबर लावावा लागे. परदेशी घड्याळ आणि सोन्याची बिस्किटं दोन्ही एकाच वाटेनं, आखाताकडून येणाऱ्या लाँचमधून, कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत उतरत. सोन्याचं स्विस घड्याळ हातात असणं म्हणजे त्या काळी दोन प्रश्नांना एकदम तोंड देणं होतं.

तरीही मुंबईत जुनी स्विस घड्याळं पुष्कळ आहेत, कारण व्यापार फार जुना. फावर-ल्युबानं मुंबईत बस्तान बसवलं ते 1865 मध्ये, वेस्ट एंड वॉच कंपनी 1886 ची. राजेरजवाडे, पारशी आणि गुजराती व्यापारी, गिरण्यांचे मालक, मोठे वकील ही सगळी गिऱ्हाइकं. घोड्यावर बसून पोलो खेळताना काच फुटते, या भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तक्रारीतून तर रिव्हर्सो हे घड्याळच जन्माला आलं. केस सरकवून उलटी करायची, की काच आत आणि पाठ बाहेर. 4 मार्च 1931 रोजी त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला. मोकळी पाठ हाताशी आल्यावर तिच्यावर नावं आणि मुद्रा कोरून घेणारे, मीनाकारीत चित्रं काढून घेणारे शौकीन निघणारच. 1936 च्या एका रिव्हर्सोच्या पाठीवर भारतीय स्त्रीचं मीनाकारीतलं चित्र आहे.

घड्याळ सोन्याचं आहे हे ओळखायला कसोटीचा दगड लागत नाही, भिंग लागतं. 1880 च्या स्विस कायद्यापासून 18 कॅरेटच्या केसवर स्त्रीच्या डोक्याचा चिमुकला ठसा असतो. ही हेल्व्हेशिया, स्वित्झर्लंडची मानवी रूपातली प्रतिमा. 14 कॅरेटवर खार. 1995 पासून दोघींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. याखेरीज केस बनवणाऱ्याची खूण असते. जिनिव्हाच्या केसकारांसाठी किल्लीचं चित्र आणि त्यात आकडा. किल्लीत 9 असेल तर ती एमिल व्हिशे याच्या कारखान्यातली केस. 2499 च्या पहिल्या मालिकेच्या काही केसेस त्याच्याकडच्या, म्हणून ते 9 दिसलं की संग्राहकाचा श्वास जरा वर होतो.

हे ठसे बहुतेक वेळा अडचणीच्या जागी असतात. पट्टा अडकवायचे जे चार पाय, ज्यांना संग्राहक ‘लग’ म्हणतात, त्यांच्या बाजूला किंवा पाठीवर. आणि घड्याळ चकचकीत करायला पॉलिशच्या चाकावर धरलं की तिथलंच सोनं आधी जातं. एकदा पॉलिश झालं तर बाईचं नाक बोथट होतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी ती नुसता ठिपका उरते. लगच्या धारदार कडा साबणाच्या झिजलेल्या वडीसारख्या गोल होतात. सोनं किती गेलं? गुंजभर गेलं असेल. किमतीत मात्र निम्मा फरक पडू शकतो. म्हणून अनुभवी संग्राहक ओरखडे पाहून खूश होतो. ओरखडे आहेत म्हणजे चाक लागलेलं नाही.

डायलची कथा याहून नाजूक. पाटेकच्या जुन्या डायल स्टर्न बंधूंच्या कारखान्यात बनत. याच स्टर्न कुटुंबानं 1932 मध्ये पाटेक कंपनी विकत घेतली आणि आजही ती त्यांचीच आहे. त्या डायलवरची अक्षरं छापलेली नसत. आधी ती धातूत कोरायची, त्या चरीत काळी मीना भरायची, भट्टीत भाजायची आणि मग वरचा भाग घासून सपाट करायचा. चांगल्या डायलवर भिंग धरलं तर अक्षरं किंचित उठावाची दिसतात. पुढे कुणी कारागीर डायल पिवळी पडली म्हणून धुतो, घासतो आणि मीना झिजते. सगळ्यात आधी जाते ती ‘जिनेव्ह’ या शब्दातल्या रोमन ‘ई’ वरची इवलीशी तिरपी रेघ. ती रेघ आहे की नाही, हे बघायला माणसं विमानानं येतात.

मुंबईच्या घड्याळांची जगात एक बदनामी आहे. परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात, ती आपल्याकडे डायल नव्यानं रंगवलेली, मशीन एकाचं, काटे दुसऱ्याचे आणि चावी तिसऱ्याची अशी घड्याळं. नाकं मुरडण्याजोगा माल आहेच. निळ्या, केशरी डायलवर ठसठशीत स्विस नावं रंगवून ती स्वस्तात परदेशी पाठवली जातात. पण यातल्या जुन्या पिढीच्या कारागिरांवर मात्र अन्याय होतो असं मला वाटतं. फोर्टातल्या एका घड्याळजींकडे मी हा विषय काढला. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला भिंग, बोटांत चिमटा. ते म्हणाले, “अहो, इंपोर्ट बंद होतं. ओरिजिनल काटा आणायचा कुठून? आणि गिऱ्हाईक म्हणायचं, काका, मुलाच्या लग्नात घालायचंय, नव्यासारखं करून द्या. मग करायचो नवं. जुनंच ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक माझ्याकडे पहिल्यांदा आलं, तेव्हा मला वाटलं याच्याकडे पैसे नसतील.”

हे हसण्यावारी न्यायचं बोलणं नाही. आपल्याकडे जपणूक म्हणजे झळाळी. देव्हाऱ्यातली समई दर सणाला घासली जाते, दागिना दिवाळीआधी उजळून आणला जातो. आजोबांचं घड्याळ प्रेमापोटीच पॉलिशला जातं, प्रेमापोटीच त्याला नवी डायल बसते, आणि संग्राहकाच्या लेखी ते तिथेच संपतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण घड्याळ एकच असतं.

मूळ अवस्थेइतकंच मोल आहे ते घड्याळ कुणाकुणाच्या हातातून आलं याला. 1954 च्या वसंतात इंडोचायनाचा प्रश्न सोडवायला जिनिव्हात परिषद भरली होती. तेव्हा व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाई तिथे होता. तो जवळच्या रोलेक्सच्या दुकानात गेला आणि तुमच्याकडचं सर्वांत दुर्मिळ, सर्वांत मौल्यवान घड्याळ दाखवा म्हणाला. त्याला मिळालं 6062 क्रमांकाचं, पिवळ्या सोन्याचं, चंद्राच्या कला दाखवणारं, काळ्या डायलवर हिऱ्यांच्या खुणा असलेलं. परिषदेत त्याचा देश दुभागला गेला, पुढच्या वर्षी सत्ता गेली, उरलेलं आयुष्य फ्रान्समध्ये सरलं. घड्याळ त्याच्याकडेच राहिलं. 2017 मध्ये ते 50 लाख डॉलरच्या वर गेलं. बाओ दाईनं काय काय गमावलं ते पाहता, त्याच्या खरेदीतला हा एक निर्णय पक्का निघाला म्हणायचा.

गायक जॉन लेननच्या घड्याळाची गोष्ट कोर्टात गेली. 1980 मध्ये त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला पत्नी योको ओनोनं त्याला सोन्याचं 2499 दिलं, न्यूयॉर्कच्या टिफनीतून घेतलेलं आणि मागे मजकूर कोरलेलं. दोन महिन्यांत लेननचा खून झाला. घड्याळ पुढे योकोच्या घरातून तिच्या एका माजी ड्रायव्हरनं लांबवलं, ते बर्लिनच्या एका लिलावसंस्थेपर्यंत पोहोचलं आणि तिथून हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या एका इटालियन संग्राहकानं विकत घेतलं. त्यानं किंमत काढून घ्यायला ते जिनिव्हात नेलं, तेव्हा योकोच्या वकिलाकडे विचारणा झाली. घड्याळ घरात नाही, हे तिला तोवर माहीतच नव्हतं. 2024 मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की घड्याळाची मालकीण योकोच. विकत घेणाऱ्यानं आधी चौकशी करायला हवी होती, एवढं मात्र उघड.

चौकशी कुठे करायची? पाटेक घड्याळाच्या नंबरांवरून जुन्या दप्तरातला उतारा देते: कधी बनलं, कधी विकलं, केस कोणत्या धातूची, डायल कशी. लाँजिनच्या सँतिमिये गावातल्या कारखान्यात 1867 पासूनच्या हस्तलिखित वह्या आहेत. स्टीलच्या केसमधलं मशीन काढून नव्या बनवलेल्या सोन्याच्या केसमध्ये घालायचं, हा या धंद्यातला जुना डाव, आणि तो या उताऱ्यापुढे उघडा पडतो. अर्थात, दप्तर सांभाळणारा माणूसच सामील असेल तर तेही उपयोगाचं नाही. 2021 मध्ये ओमेगाचं एक स्टीलचं स्पीडमास्टर 31 लाख फ्रँकना विकलं गेलं, तेही खुद्द ओमेगानंच आपल्या संग्रहालयासाठी घेतलं. दोन वर्षांनी कंपनीनंच जाहीर केलं की ते निरनिराळ्या भागांतून जुळवलेलं होतं आणि आपलेच माजी कर्मचारी त्यात गुंतलेले होते.

एवढं सगळं वाचून नोकरदार माणसानं हा छंद सोडून द्यावा असं वाटेल, पण पुण्यात मला भेटलेले एक निवृत्त बँक अधिकारी नेमकं उलट सांगतात. त्यांच्याकडे पाटेक नाही. त्यांचा संग्रह इंग्लंडमधल्या 9 कॅरेटच्या घड्याळांचा. रेल्वे आणि मोठ्या कंपन्या निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांना लंडनच्या गॅरार्ड पेढीची अशी घड्याळं देत. मागच्या झाकणावर नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं कोरलेली. सम्राटाचं नाव कोरलं की किंमत चढते, सिग्नल खात्यातल्या माणसाचं कोरलं की उतरते. काही विक्रेते तो मजकूर घासून काढतात, झाकण पातळ होतं आणि दाबलं तर आत जातं.

मी त्यांना विचारलं, एवढी घड्याळं, सगळ्यांवर परक्या माणसांची नावं, खटकत नाही? एक घड्याळ उलटं करून, भिंगाखाली धरून ते म्हणाले, “खटकायचं काय त्यात? नाव आहे म्हणून तर मला परवडतं.”